गाडी गरम होतेय? कूलिंगचा दोष शोधण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपला एलबीएस रोडच्या आत एका गल्लीत माझं गॅरेज आहे. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये रोज एक तरी गाडी गरम होते म्हणून येते. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा रेडिएटर आधीच बदललेला असतो, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारा-बंद करणारा वॉल्व्ह) काढून टाकलेला असतो, आणि गाडी तरीही उकळत असते. खर्च झाला आणि दोष होता तिथेच राहिला. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण कूलिंगचा दोष निम्मा तरी नुसत्या विचारपूशीने कळतो. गिऱ्हाईक नेहमी जे विचारतात त्याची उत्तरं म्हणूनच इथे लिहितोय.

गाडी गरम होते म्हणून आणली तर तुम्ही सगळ्यात आधी काय बघता?

बोनेट उघडायच्या आधी एक प्रश्न विचारतो: कधी गरम होते? या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सायनच्या सिग्नलला किंवा घोडबंदर रोडला गाडी अडकली की तापमानाचा काटा चढतो, आणि रस्ता मोकळा मिळाला की आपोआप खाली येतो, असं असेल तर पाणी (म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट) फिरतंय, हवा मिळत नाहीये. धावत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम फॅनने करायचं असतं. तेव्हा आधी फॅन, त्याचा रिले (फॅनला करंट सोडणारा स्विच), फ्यूज आणि वायरिंग बघायचं.

याच्या उलट, ट्रॅफिकमध्ये गाडी शांत, पण एक्स्प्रेसवेला १०० च्या स्पीडला किंवा खंडाळ्याचा घाट चढताना काटा वर जातो. इथे वारा भरपूर आहे, म्हणून फॅनवर शंका घ्यायची नाही. एक तर पाणी पुरेसं फिरत नाही, नाहीतर रेडिएटरमधून उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटर आतून चोक झालेला असतो, वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतो, किंवा खालचा होज पाईप म्हातारा होऊन पंपाच्या ओढीने आत चेपतो. हा शेवटचा दोष फसवा आहे, कारण गाडी उभी केली की पाईप पुन्हा फुगतो आणि सगळं ठीक दिसतं. बोनेट उघडून रेस देताना त्या पाईपवर नजर ठेवली तरच सापडतो.

सकाळी सोसायटीतून निघाल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा लालकडे धावत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, कूलंट खूप कमी आहे, किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलंय. फक्त एसी लावल्यावर गरम होत असेल तर एसीच्या कंडेन्सरवर साचलेली धूळ आणि फॅनचा दुसरा स्पीड बघायचा. आणि काहीच नियम नसेल, कधी होते, कधी आठ दिवस होत नाही, तर सैल कनेक्टर, चिकटणारा रिले किंवा सिस्टीममध्ये अडकलेली हवा, म्हणजे एअर लॉक.

तेव्हा गॅरेजला येताना हे आठवून या. 'गरम होते' एवढंच सांगितलंत, तर मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत बसतो.

चालत्या गाडीत काटा लालकडे गेला तर त्या क्षणी काय करू?

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात. काचा खाली. हीटरमध्येही एक छोटा रेडिएटर असतो, त्याच्यातून थोडी उष्णता निघून जाते आणि बाजूला गाडी घ्यायला दोन मिनिटं मिळतात. मेमध्ये हे सोसायला अवघड जातं, पण करा. पार्किंगचे चारही दिवे लावा, डाव्या कडेला जा, इंजिन बंद करा.

'पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊ', 'पेट्रोल पंप जवळच आहे' हा विचार नको. बहुतेक गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते लालमध्ये पाच मिनिटं चाललं तरी वाकू शकतं. कॅपचा किंवा रिलेचा दोष काहीशे रुपयांत सुटतो, वाकलेलं हेड हजारोंत जातं.

गरम इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतू नका. तापलेल्या धातूवर अचानक गार पाणी पडलं की हेडला तडा जाऊ शकतो. वाफ ओसरली की बोनेट उघडा आणि किमान अर्धा-पाऊण तास थांबा.

रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं?

वरचा जाड होज पाईप कापडाने दाबून बघा. तो कडक असेल तर आत प्रेशर आहे, झाकणाला हात लावायचा नाही. मऊ पडला, सहज दाबला गेला, मग जाड कापड ठेवून झाकण अर्धा आटा फिरवा, फुसफुस थांबू द्या, नंतर पूर्ण काढा.

माझ्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत जो फिकट पट्टा आहे, तो शिकाऊ असताना घाईत उघडलेल्या झाकणाचा आहे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. एवढ्या दाबाखाली कूलंट १२० अंशांच्या वरही उकळत नाही, आत गप्प बसून राहतं. झाकण काढलं की दाब एकदम जातो आणि उकळतं पाणी वाफेसकट एका झटक्यात तोंडावर येतं. आजूबाजूला लहान मुलं असतील तर त्यांना आधी लांब पाठवा.

झाकण स्वतःसुद्धा एक पार्ट आहे, हे लोक विसरतात. त्याचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की दाब टिकत नाही आणि चांगली गाडीही उकळते. गाडी थंड झाल्यावर वरचा पाईप चपटा पडलेला दिसला, तर झाकणातला उलट्या दिशेचा छोटा वॉल्व्ह अडकलाय. तेव्हा रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जात नाही. झाकण बदला, पण त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं लावून काही फायदा होत नाही, उलट जुने पाईप फुटतात.

फॅन चालतो की नाही, घरी कसं तपासू?

इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की थोड्याच वेळात फॅन फिरायला लागतो. फिरला, तर मोटर जिवंत आहे. मग एसी बंद करून गाडी जागेवर चालू ठेवा आणि काट्याकडे लक्ष द्या. पाणी साधारण ९५ ते १०० अंशांना पोचलं की फॅन आपोआप लागला पाहिजे. एसीला लागतो पण तापल्यावर लागत नाही, याचा अर्थ दोष टेंपरेचर सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरिंगकडे आहे.

दोन्ही वेळा लागला नाही तर फ्यूज बघा. नंतर रिले. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. तो अदलाबदल करून बघता येतो, फक्त वरचा नंबर सारखा हवा. त्यानेही नाही झालं तर मोटरला बॅटरीची सरळ लाइन देऊन बघायचं, हे मात्र मेकॅनिककडून करून घ्या. आणि बोनेटमध्ये हात घालताना सावध असा: काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

माझे वडील पद्मिनी टॅक्सी चालवायचे. तिचा फॅन पट्ट्यावर फिरायचा. पट्टा धड तर फॅन धड. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. आताच्या फॅनला मोटर, रिले, सेन्सर आणि कनेक्टर लागतात. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर येतो. वरळी-वर्सोव्याकडच्या, समुद्रालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये मी पिना आधी बघतो, मोटर नंतर.

कूलंट कमी होतं, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. जातं कुठे?

गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही, वाटेतच वाळतो. म्हणून ओलावा शोधू नका, डाग शोधा. कूलंट वाळलं की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली मागे राहते. होज पाईपच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकी आणि जाळीच्या जोडावर, थर्मोस्टॅटच्या घरापाशी टॉर्च मारून बघा.

वॉटर पंप, ज्याला आम्ही वॉटर बॉडी म्हणतो, त्याच्या खाली एक बारीक भोक असतं. पंपाचं सील गेलं की पाणी त्या भोकातून बाहेर यावं, बेअरिंगमध्ये शिरू नये, यासाठी ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या भोकाखाली ओघळ दिसला की पंप बदलायला झाला. कुणी ते भोक एम-सीलने बुजवून देत असेल तर करू देऊ नका, बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटेल. काही इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे बेल्ट तुटला तर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटू शकतात. अशा गाडीत बेल्ट बदलतानाच पंपही बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते.

गाडीत बसल्यावर गोडसर वास येतो, समोरची काच आतून चिकट धुरकट होते, पायाखालचं मॅट ओलं लागतं? मग हीटर कोअर, म्हणजे हीटरमधला तो छोटा रेडिएटर, गळतोय. मुंबईत हीटर कुणी लावत नाही, पण बऱ्याच गाड्यांत पाणी त्याच्यातून फिरतच असतं.

बाहेर कुठेच डाग नाही, आतही ओल नाही, आणि बाटली मात्र दर आठवड्याला खाली जाते, तेव्हा प्रेशर टेस्टर लावून घ्या. थंड इंजिनाच्या रेडिएटरला हातपंपाने झाकणाएवढा दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा पडतो का बघायचं. दाब पडतोय आणि बाहेर गळती नाही, तर पाणी इंजिनाच्या आत जातंय.

गाडीखाली पाणी पडलंय. एसीचं की कूलंट?

एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं, आणि बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायाशी पडतं. कूलंट रंगीत आणि दोन बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं. पांढरा कागद खाली ठेवा, रंग कळेल. चव घेऊन बघू नका, ते विषारी आहे.

सीएनजी गाडीत काही वेगळं बघावं लागतं का?

हो, आणि मुंबईत हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. टाकीतला गॅस सुमारे २०० बारला भरलेला असतो. रिड्यूसरमध्ये त्याचा दाब एकदम उतरतो आणि गॅस अतिशय थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत इंजिनाचं गरम कूलंट बारीक पाईपांनी त्याच्यातून फिरवलेलं असतं. कूलंट कमी झालं किंवा तिथे हवा अडकली की रिड्यूसर थंड पडतो, गाडी गॅसवर झटके खाते, पिकअप घेत नाही, आणि पेट्रोलवर टाकली की ठीक चालते. लोक गॅस किटवाल्याकडे जातात, खरा दोष असतो पाण्याच्या बाटलीत. इंजिन चांगलं तापल्यावर रिड्यूसर हाताला बर्फासारखा लागला, तर आधी कूलंटची पातळी बघा. त्या दोन बारीक पाईपांच्या क्लिपाही गळतीची नेहमीची जागा.

मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे गरज नाही. काढू का?

नाही. थर्मोस्टॅट इंजिनाला लवकर योग्य तापमानाला आणतो आणि तिथे टिकवतो. तो काढला की इंजिन नेहमी अर्धवट थंड चालतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून तापलेलं नाही, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. ॲव्हरेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूने बायपासची वाट बंद होते. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, पाणी रेडिएटरला न जाता तिथूनच परत फिरतं, आणि गाडी आधीपेक्षा जास्त गरम होते.

शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून तपासा. घरच्या टोपात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास वॉल्व्ह हलायला लागला पाहिजे आणि उकळी येईपर्यंत चांगला उघडला पाहिजे. नंतर तो टोप स्वयंपाकात वापरू नका.

उघडा अडकलेला थर्मोस्टॅट मुंबईत वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण थंडीच नाही. रात्री रिकाम्या फ्रीवेवर काटा मधल्या रेषेच्या खाली पडत असेल तर तोच. स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड येतो.

हेड गॅस्केट गेलंय हे खात्रीने कसं ओळखायचं?

हे काम मोठं असतं, म्हणून नुसत्या शंकेवर हेड उघडू देऊ नका. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा, पाणी तोंडापर्यंत भरा आणि गाडी चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण एकसारखे, इंजिनाच्या ठोक्याबरोबर बुडबुडे येतच राहिले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. दुसरी खूण: झाकण लावून थंड गाडी चालू केली आणि एक-दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच, वरचा पाईप दगडासारखा कडक झाला. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर थांबत नसेल, तीही खूण.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली की लोक घाबरतात. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर स्टेशनपर्यंतच जाणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमट हवेची असू शकते. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरही चहासारखं दुधाळ ऑइल असेल तर मात्र गाडी चालू करू नका, टो करून न्या.

पक्की खात्री ब्लॉक टेस्टने होते. रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रावण असलेली नळी धरतात. जळलेला गॅस त्याच्यातून गेला की निळ्याचं पिवळं होतं. हेड उघडलंच, तर लेथवाल्याकडून पट्टी आणि फीलर गेजने सपाटी मोजून घ्या आणि गरज असेल तर फेसिंग करा, म्हणजे घासून सपाट करून घ्या. वाकलेल्या हेडवर नवीन गॅस्केट बसवलं तर दोन महिन्यांत गाडी परत येते. आणि गॅस्केट का गेलं, तो मूळ दोष, फॅन असो की गळती, दुरुस्त केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग साधं पाणी का चालत नाही?

गोठण्यासाठी नाही, गंजासाठी. कूलंटमधली रसायनं ॲल्युमिनियम, लोखंड आणि सोल्डर यांना गंजू देत नाहीत, आणि उकळण्याचा बिंदूही वाढतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी सर्वात वाईट: केटलमध्ये जशी खपली बसते तशी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. रस्त्यात अडकलात तर बिसलेरी ओता, हरकत नाही, पण आठवड्याभरात काढून बरोबर कूलंट भरा. घट्ट कूलंट घेतलं असेल तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे बॅटरीच्या पाण्यात, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळायचं.

हिरवं आणि गुलाबी कूलंट एकत्र केलं तर?

करू नका. रंग कंपनी ठरवते, त्यावरून आतलं रसायन कळत नाही. न जुळणारी दोन एकत्र आली तर गाळ बसू शकतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्या.

हळद टाकली तर रेडिएटरची गळती थांबते म्हणतात. खरं आहे का?

बारीक गळती थोडा वेळ थांबते, खरं आहे. पावडर भोकात जाऊन फुगते. पण ती भोक ओळखत नाही, हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या नळ्याही तशाच बुजवते. मी उघडलेल्या एका रेडिएटरच्या खालच्या टाकीत बोटभर पिवळा चिखल होता, आणि मालक तीन वर्षं 'गाडी घाटात गरम होते' म्हणून फिरत होते. कसाऱ्यात रात्री अडकलात आणि दुसरा इलाज नसेल तरच. घरी आल्यावर लगेच फ्लश करा.

काटा शेवटपर्यंत मध्ये होता, तरी इंजिन बसलं. असं कसं?

सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवरच खरं सांगतो. पाइप फुटून सगळं कूलंट गेलं की सेन्सर कोरडा पडतो, आणि काटा चढायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. शिवाय नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मध्ये स्थिर ठेवलेला असतो. तो हलला म्हणजे वेळ कमी उरलाय. काही गाड्यांत काटाच नाही, थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल दिवा. म्हणून पिकअप अचानक पडणं, इंजिनातून खणखण आवाज, गोड वास यांकडे दिव्याइतकंच लक्ष द्या. ओबीडीला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचं छोटं ब्लूटूथ स्कॅनर घेतलंत तर मोबाइलवर पाण्याचं तापमान अंशांत दिसतं. जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला मी ते घ्यायला सांगतो.

पावसाळ्यात काय बिघडतं?

तुंबलेल्या सबवेतून गाडी काढताना फिरता फॅन पाण्यात सापडतो, पाती वाकून रेडिएटरला घासतात. दुसरं, पाण्यावर तरंगणारी पिशवी जाळीवर चिकटते आणि गाडी घरी पोचेपर्यंत गरम होते. पिशवी काढली की दोष संपला. आणि उंदीर-घुशी. पावसात त्या उबेला बोनेटमध्ये येतात आणि फॅनच्या वायरी, बारीक पाईप कुरतडतात. चार दिवस उभी असलेली गाडी काढण्याआधी बोनेट उघडून बघा.

काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकू?

गटारात किंवा झाडाच्या आळ्यात नको. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, आणि थोडंसं चाटलं तरी मांजर किंवा कुत्र्याची किडनी जाते. आमच्या गल्लीतल्या मांजरी दुपारी गाड्यांखालीच झोपतात. सांडलं तर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ठळक नाव लिहून गॅरेजला आणून द्या. माझ्याकडे त्यासाठी मागच्या भिंतीला वेगळा निळा ड्रम ठेवलाय, आणि त्याचं झाकण रोज रात्री मी स्वतः हाताने दाबून बघतो.